झाकणाखालचे खारट पाणी

मी जुनी आहे. कधी काळी पांढरी होते, आता जुनाट दातांच्या रंगाची झाले आहे. माझी कडी एका बाजूने निखळली असून तिथे कुणीतरी काथ्याची दोरी बांधली आहे. मित्रांनो, मी झाकणाची एक प्लास्टिकची बादली आहे, आणि माझी हकिकत सांगताना मला संकोच वाटतो. ज्यांना आपल्या आयुष्याचा अभिमान असतो ते मोकळेपणाने बोलतात. माझे तसे नाही. तरीही सांगते, कारण माझ्यासारख्या बादल्या पुष्कळ घरांत आहेत आणि त्या कधी बोलणार नाहीत.

समुद्रापलीकडच्या एका थंड देशात, कारखान्यात माझा जन्म झाला. वितळलेले प्लास्टिक साच्यात शिरले, थंड झाले, आणि मी बाहेर पडले. जन्माला यायला इतका थोडा वेळ लागल्यामुळे असेल, मला बालपण असे आठवतच नाही. लगेच माझ्यात गोमांसाचे चरबीदार तुकडे रचले गेले आणि वरून मिठाचे पाणी ओतले गेले. ते इतके खारट होते की त्यापुढे समुद्र गोडा वाटावा. मग झाकण ठोकून बसवले आणि मला जहाजावर चढवले.

त्या अंधारातल्या प्रवासात मी एक गोष्ट शिकले. मीठ एका जागी बसून राहत नाही. जिथे ते जास्त असते तिथून, जिथे कमी असते तिकडे ते निघते. खाऱ्या पाण्यात मांस ठेवा, मीठ मांसात शिरेल. तेच मांस गोड्या पाण्यात उकळा, मीठ पाण्यात उतरेल. त्याला कुणाचा राग नसतो आणि कुणाची दयाही नसते. मला शाळा मिळाली ती एवढीच, पण हा धडा मी पुरता शिकले होते.

जहाज सामोआला लागले. तिथून एका लहान बोटीने मी सावाईई बेटावर आले. या बेटांवर माझ्यासारखी भरलेली बादली म्हणजे नुसते अन्न नव्हे. तो मान असतो. कुणाचे लग्न असो, कुणाचे दफन असो, कुणाला घराण्याचा किताब मिळणार असो, नातेवाईक विणलेल्या चटयांबरोबर बादल्या घेऊन येतात, आणि एक धट्टाकट्टा तरुण अंगणाच्या मधोमध उभा राहून काय काय आले ते साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो. पहिल्यांदा माझा असा पुकारा झाला, तेव्हा मी लाजले. दुसऱ्यांदा मला वाटले, आवाज आणखी थोडा मोठा असता तर बरे झाले असते.

मी दफनाच्या घरून लग्नाच्या घरी गेले, तिथून पाद्र्यांकडे, तिथून आणखी एका दफनाला. एवढ्या फेऱ्यांत माझे झाकण कुणी उघडले नाही, कारण उघडलेली बादली पुढे भेट देता येत नाही. एका परीने तो माझा सर्वांत निष्पाप काळ होता. मी सगळ्यांचा मान वाढवत होते आणि कुणाच्याही पोटात गेले नव्हते.

अखेर मी आउकुसोच्या घरी पोचले.

आउकुसो बस चालवत असे. पहाटे गावातून बोटीच्या धक्क्याकडे, दुपारी परत. त्याची बस लाकडी होती, बाहेरून पिवळी आणि निळी, आत काचेवर प्लास्टिकच्या फुलांच्या माळा. वय चाळिशीच्या थोडे पुढे, अंग भरलेले, हसणे गडगडाटी. बसमध्ये जागा उरली नाही की तो ओरडायचा, "मांड्या कशाला दिल्यात देवानं? बसा एकमेकांच्या मांडीवर!" दिवसभर तो स्वतःही बसलेलाच असे. घरापासून चर्च हाकेच्या अंतरावर, पण रविवारी तिथेही तो बसनेच जाई आणि वाटेतल्या म्हाताऱ्यांना उचलून घेई. लोक त्याला भला माणूस म्हणत, आणि तो होताही.

माझे झाकण त्याच्या बायकोने, फोलोलेने उघडले. त्या रविवारी प्रार्थनेनंतर घरी मोठे जेवण होते. भट्टीत भाजलेला नीरफणस, अळूचे कंद, नारळाच्या घट्ट रसात शिजलेली अळूची पाने, आणि मधोमध माझ्यातले मांस. आउकुसोचे काका पेनीआमिना घराण्याचे प्रमुख होते. त्यांच्यापुढे पहिला वाटा गेला, आणि त्यांची नजर पुतण्याच्या पानाकडे वळली.

"एवढाच तुकडा? लोकांना वाटेल, आमच्या घराण्यात दुष्काळ पडलाय."

"घेतो, काका."

"घे म्हणजे घे. तुझे वडील याच्या दुप्पट खायचे."

वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका दुपारी अंगणात कोसळले आणि उठलेच नाहीत, हे त्या वेळी कुणी बोलले नाही. आउकुसोने आणखी दोन तुकडे घेतले. आग्रह मोडणे हा त्या घरात आजारापेक्षा मोठा दोष होता.

मी रिकामी झाले, तेव्हा मला वाटले, संपले आपले आयुष्य. शेजारच्या घरी माझ्याच जातीची एक बादली कपडे भिजवायला होती, दुसरी उलटी घालून मुले ढोल वाजवत. फोलोलेने मात्र मला घासून स्वयंपाकाच्या पडवीत ठेवले. तिने मला दिलेले काम वेगळे होते, आणि माझ्या संकोचाचे कारण तेच आहे.

घरात खारवलेले मांस पुन्हा पुन्हा येत असे. कुणाच्या ना कुणाच्या भेटीतून त्याचा वाटा मिळेच. फोलोले ते मोठ्या पातेल्यात उकळी. पहिले पाणी फार खारट होते, म्हणून ते काढून दुसरे पाणी घालायचे असते, आणि ते ती न चुकता करी. मात्र काढलेले पाणी ती फेकत नसे. ते गरम गरम माझ्यात ओते, वर झाकण लावी, आणि दुसऱ्या दिवशी त्यात थोडे गोडे पाणी मिसळून कच्ची केळी उकडी. तिच्या आईने तसेच केले होते, आईच्या आईनेही. त्या पाण्यात चरबी होती, चव होती. ते मातीत ओतणे म्हणजे कुणाची तरी अर्धी भेट मातीत ओतणे. केळी मऊ, सोनेरी, चमकदार होत. आउकुसो ती मिटक्या मारत खाई आणि म्हणे, "अशी केळी सबंध बेटावर कुणाला जमत नाहीत." मला पुन्हा एकदा वाटले की हे कौतुक माझेही आहे.

मग एके दिवशी गावात रक्तदाब मोजायला परिचारिका आली.

गावच्या महिला समितीचे एक वेगळे घर आहे, भिंती नसलेले, खांबांवर छप्पर. बायका तिथे चटया विणतात, आणि जिल्ह्याच्या दवाखान्यातली सिस्टर तेउइला अधूनमधून तिथे यंत्र घेऊन बसते. त्या दिवशी फोलोले मला घेऊन समितीच्या टाकीवर पाणी भरायला गेली होती आणि जाता जाता नवऱ्यालाही ओढत घेऊन गेली. म्हणून पुढचे सगळे मी स्वतः ऐकले.

"टेकून बस. पाय जमिनीवर. पाच मिनिटं बोलायचं नाही," तेउइला म्हणाली.

"पाच मिनिटं? सिस्टर, हे औषध आधी माझ्या बायकोला द्या."

विणणाऱ्या बायका हसल्या. फोलोले म्हणाली, "हा झोपेतसुद्धा बसचे थांबे ओरडतो. सिस्टर, पाच मिनिटं गप्प बसवलंत तर मी तुमच्यासाठी चटई विणीन."

पट्टा दंडावर फुगला आणि सुटला. तेउइलाने आकडा पाहिला आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजले. मग तिसऱ्यांदा. एका मोजणीवर तिचा विश्वास नसे. हे मला आवडले.

"एकशे बासष्ट आणि शंभर. जास्त आहे."

"आत्ताच एका प्रवाशाशी वाजलं माझं. त्याचा दाब आहे तो."

"पहिल्या मोजणीला मीही तेच धरलं असतं. तिसऱ्यालाही तेवढाच आहे."

"पण मला दुखत काहीच नाही!"

"तेच वाईट आहे. दुखलं असतं तर तू वर्षभर आधी आला असतास."

तिने सांगितले ते साधे होते. खारवलेले मांस बंद. तंबाखू बंद. बीअर कमी, वजन कमी. रोज अर्धा तास झपझप चालायचे. तीन महिन्यांनी परत मोजू, आणि उतरला नाही तर गोळ्या. मग ती फोलोलेकडे वळली.

"केळ्यांवर, कंदांवर मीठ घालतेस का?"

"चिमूटभरसुद्धा नाही, सिस्टर."

हे उत्तर अक्षरशः खरे होते. फोलोले खोटे बोलली नव्हती. मी तिच्या पायाशी होते, माझ्यात टाकीचे गोडे पाणी होते, आणि आदल्या दिवशी माझ्यात काय होते ते तिथे फक्त तिला आणि मला ठाऊक होते. मित्रांनो, बादलीला तोंड असते पण वाचा नसते. ही माझी सबब आहे. ती खरी असली तरी तिने मला कधी समाधान दिले नाही.

आउकुसोने मनावर घेतले. वडिलांचे वय त्याच्याही लक्षात होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो चालायला निघाला, आणि गावात खळबळ उडाली. बस चालवणारा माणूस पायी जातो आहे, म्हणजे बस बिघडली असणार.

"काय रे, चाक निखळलं?"

"चाक ठीक आहे. चालतोय."

"कुठं?"

"कुठं नाही. नुसता चालतोय."

"नुसता? बायकोनं हाकललं वाटतं! ये, ये, आत ये, जेवून जा."

या गावात दारावरून जाणाऱ्याला जेवायला बोलावण्याची रीत आहे, आणि जाणाऱ्याने निदान घासभर खावे अशीही आहे. एरवी बसमधून तो भुर्रकन निघून जाई. आता प्रत्येक घर त्याला आडवे येऊ लागले. अर्ध्या तासाच्या चालण्यात त्याने एकदा तीन घरी कोको पिऊन भाजलेला नीरफणस खाल्ला आणि घरी येऊन फोलोलेला विचारले, "व्यायामानं माणूस बारीक होतो ना?" काही दिवसांनी चालणे बंद पडले. तंबाखू त्याने विकत घेणे सोडले. प्रवाशांकडून मागून ओढी आणि त्याला सोडणे म्हणे.

खारवलेले मांस मात्र त्याने खरोखर सोडले. काका समोर असतानाही. पान पुढे आले की तो त्यातला मांसाचा वाटा शेजाऱ्याला सरकवी आणि म्हणे, "मला केळीच द्या." काकांचा चेहरा पडे, पण आउकुसो हटला नाही. त्या गावात हे करायला किती धैर्य लागते, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

आणि फोलोलेला त्याची कीव येई. बिचारा मांस पाहतो आणि तोंड फिरवतो. निदान केळ्यांना तरी थोडी चव असू दे. तिने माझ्यातल्या पाण्यात गोडे पाणी मिसळणे कमी केले. एकदा, फक्त एकदा, पाणी ओतण्याआधी तिने त्यात बोट बुडवून जिभेला लावले. ती थांबली. तिची नजर पडवीबाहेर, त्याच्या बसकडे गेली. मग तिने ते पाणी पातेल्यात ओतले. तेव्हा तिला कळले होते की नाही, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. मनातले मोजायला यंत्र नसते. मला मात्र कळले होते. मांसातून निघालेले मीठ पाण्यात आले होते, पाण्यातून केळ्यांत जात होते, आणि केळी त्याच्या पानात.

तीन महिन्यांनी तेउइलाने मोजले. दाब उतरला नव्हता. उलट थोडा चढलाच होता.

"मांस खरंच सोडलंस?"

"सगळ्या गावाला विचारा! काका माझ्याशी धड बोलत नाहीत त्यापायी."

बायकांनी माना डोलावल्या. तेउइला गोंधळली. तिने नियमाप्रमाणे गोळ्यांचे पाकीट दिले आणि रोज एक घ्यायला सांगितले. आउकुसो परत येताना फोलोलेला म्हणाला, "बघ, मिठाचा काही संबंध नाही. तीन महिने जीव मारला आणि आकडा चढला. आता म्हणे गोळ्या. उद्या म्हणतील, श्वास सोड."

त्याच्या या तर्कात मला दोष काढता येईना. त्याने प्रयोग केला होता, निष्कर्ष पाहिला होता, आणि त्यावरून मत बनवले होते. मोठमोठे लोकही याहून जास्त काही करत नाहीत. चूक एवढीच की प्रयोग झालाच नव्हता. त्याला वाटत होते मीठ थांबले आहे, आणि ते माझ्या झाकणाखाली त्याची वाट पाहत होते. गोळ्यांचे पाकीट त्याने बसच्या काचेवर फुलांच्या माळांत अडकवले. कुणी विचारले की सांगे, "ही निरोगी माळ आहे. नुसतं बघितलं तरी दाब उतरतो." पाकीट कधी फोडले गेले नाही.

मग एका रविवारी, प्रार्थनेनंतर, सगळे जेवायला बसले असताना आउकुसोने केळ्याकडे हात नेला आणि केळे हातातून पडले. त्याने पुन्हा उचलले, पुन्हा पडले. तो काहीतरी बोलला, पण शब्द ओले, लोळणारे, एकमेकांत अडकलेले आले. पेनीआमिना काका हसले.

"वा! आज पाद्र्यांच्या प्रवचनाची नक्कल?"

पंगत हसली. आउकुसोने हसायचा प्रयत्न केला, आणि त्याचे अर्धेच तोंड हसले. ते फोलोलेने पाहिले. तिने हातातले भांडे टाकले आणि ओरडली, "हसू नका! कुणीतरी बस काढा!"

त्याच्याच बसमधून त्याला नेले. चुलतभाऊ चालवत होता, आउकुसो पहिल्यांदाच मागच्या बाकावर आडवा होता. इथे रुग्णाबरोबर घरचे लोक, चटया, भांडी, सगळे दवाखान्यात जाते. कपडे आणि धुण्याचे सामान भरून मलाही नेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की मेंदूकडे जाणारी एक रक्तवाहिनी बहुधा अडली आहे आणि वाढलेला रक्तदाब हे त्याचे बहुधा मोठे कारण आहे. 'बहुधा' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. खरे बोलणाऱ्याला तो वापरावाच लागतो. पहिले काही दिवस आउकुसो वाचेल की नाही, हेही ते सांगत नव्हते.

तो वाचला. उजवा हात लुळा होता, पाय ओढत होता, जीभ जड होती, पण डोळ्यांतले हसू परत आले. दवाखान्याचे जेवण त्याला गिळवेना. तेव्हा फोलोले एकदा घरी गेली आणि केळी शिजवून घेऊन आली. त्याच्या आवडीची, सोनेरी, चमकदार. घरात कुणाकडून तरी मांस आले होते, आणि तिचे हात सवयीने चालले होते.

ती त्याला चमच्याने भरवत असताना तेउइला खाटेशी आली.

"काय गं, घरून आणलंस? दे जरा मला, सकाळपासून काही खाल्लं नाही."

फोलोलेने कौतुकाने एक केळे पुढे केले. तेउइलाने तुकडा तोंडात टाकला, दोनदा चावला आणि थांबली.

"फोलोले, हे कशात शिजवलंस?"

"पाण्यात."

"कुठल्या पाण्यात?"

फोलोलेने चमचा खाली ठेवला. तिची मान खाली गेली, आणि खाटेशेजारी मी होते म्हणून तिची नजर माझ्यावर पडली. तेउइलानेही माझ्याकडे पाहिले. क्षणभर आम्ही तिघी एकमेकींकडे पाहत होतो.

"तू म्हणालीस, चिमूटभरसुद्धा घालत नाही," तेउइला हळू आवाजात म्हणाली.

"घालत नाही. ते त्यातच असतं." फोलोलेने केळ्यांचे भांडे मागे ओढले. "मी भरवलं त्याला. रोज. त्यानं मांस सोडलं आणि मी त्याला मांसाचं पाणी पाजलं. मी विष घातलं त्याला, सिस्टर."

"विष म्हणू नकोस." तेउइला खाली चटईवर बसली. "विष एका दिवसात मारतं, हे तसं नाही. हे सगळं मिळून होतं. त्याचे वडील, त्याची तंबाखू, दिवसभराचं बसणं, न घेतलेल्या गोळ्या. यातला तुझ्या केळ्यांचा वाटा किती, ते मलाही सांगता येणार नाही." तिने हातातल्या उरलेल्या केळ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "मी 'मीठ घालतेस का' असं विचारलं. 'चाखायला दे' असं म्हणायला हवं होतं. माझी आईसुद्धा याच पाण्यात केळी शिजवते. मी आयुष्यभर तीच खाल्ली, आणि मला एकदाही सुचलं नाही."

घास खाटेवरच्या आउकुसोच्या तोंडात तसाच होता. त्याने सगळे ऐकले.

घरी परतल्यावरही बरेच दिवस तो त्यावर बोलला नाही. बस आता चुलतभाऊ चालवे. आउकुसो काठी घेऊन सकाळ-संध्याकाळ पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाले. तेउइलाने तसे शिकवले होते. गोळी रोज घेई. तंबाखू मागणे त्याने सोडले, कारण ओठांच्या एका बाजूने धूर निसटे आणि मुले हसत. पेनीआमिना काका आले की शेजारी बसत आणि आग्रह करत नसत. एकदा त्यांनी गुपचूप तेउइलापुढे आपलाही दंड धरला.

फोलोले मात्र चुलीजवळ गेली की प्रत्येक पाणी आधी जिभेला लावून पाही. केळी तिने शिजवणेच बंद केले. अळूचे कंद भाजायचे, नारळाचा रस ओतायचा, बस. मला तिने पडवीच्या कोपऱ्यात उलटी घालून ठेवले होते. ती माझ्याकडे बघत नसे. मला ते योग्यच वाटे.

एका सकाळी आउकुसो चुलीसमोर येऊन बसला.

"केळी शिजव," तो म्हणाला. त्याचे शब्द अजून जड होते, पण समजत होते.

"नको. कंद भाजते."

"केळी."

"कशात शिजवू?" ती रागाने म्हणाली, आणि राग त्याच्यावर नव्हता.

"टाकीच्या पाण्यात. दुसऱ्या कशात?"

ती कंद घ्यायला वळली. तेव्हा त्याने डावा हात पुढे करून तिचे मनगट धरले.

"फोलोले, माझी जीभ आता जड झालीय. तेव्हा चांगली होती."

"म्हणजे?"

"म्हणजे मला चव कळत होती. पहिल्या दिवसापासून. गावासमोर मांस सोडलं म्हणून मिरवायचो, आणि घरी येऊन तुझ्या केळ्यांत तेच खायचो. तुला सांगितलं असतं तर तू पाणी बदललं असतंस. म्हणून नाही सांगितलं."

फोलोले त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने हात सोडवून घेतला आणि त्याच्या दंडावर एक जोरात चापट मारली, चांगल्या दंडावर. "लबाड! आणि मी इकडे रात्रंदिवस..." ती रडत होती, आणि रडता रडताच तिने पातेले ओढले.

मित्रांनो, आउकुसो खरे बोलला की बायकोचे ओझे हलके करण्यासाठी त्याने ते आपल्या अंगावर घेतले, हे मला आजही माहीत नाही. पुरावा कुणाकडेच नाही. त्याने मला कधी काही सांगितले नाही, आणि हे त्याने फोलोलेला नसते सांगितले तरी मला तो आवडलाच असता. एवढे खरे की तिने पातेले चुलीवर ठेवले, टाकीचे पाणी ओतले आणि केळी सोलायला घेतली.

आता घरात खारवलेले मांस आले तर ते पाहुण्यांपुरते शिजते आणि त्याचे पाणी थेट अंगणाच्या कडेला खड्ड्यात जाते. ओतताना फोलोले तोंड फिरवते. भेट मातीत घालण्याची सवय एका पिढीत होत नसते. मी पावसाचे पाणी धरते आणि त्याने आउकुसोचे पाय धुतले जातात. या कामाचा कुणी पुकारा करत नाही.

तुमच्याकडे माझ्यासारखी बादली नसेल. पण काहीतरी असेल, कढई असेल, बरणी असेल, जिच्यात कुणाच्या तरी मायेने काहीतरी राखून ठेवलेले असते. तुमच्या घरातल्या मोठ्यांनी एखादी गोष्ट सोडली म्हणून सांगितले, तर त्यांच्यावर विश्वास ठेवा, आणि त्यांच्या पानातला घास चाखूनही पाहा. त्यांना मोजायला न्या. दुखत नसेल तरी न्या. त्यांच्याबरोबर चाला, म्हणजे वाटेत कुणी जेवायला बोलावले तर नाही म्हणायला सोबत असेल. आणि घरात जो स्वयंपाक करतो त्याला दोष देण्याआधी विचारा, पाणी कुठले आहे.

आउकुसोचा उजवा हात अजून उघडत नाही. त्यातला माझा वाटा किती, ते मला मोजता आलेले नाही. तो शून्य नाही.